सुगीच्या अर्ध्या ओव्या

१४ जून, पोसोन पौर्णिमा

विहाराच्या पायऱ्यांवर आज उक्कुमेणिकेनं मला सगळ्या मीगहवेला गावादेखत अडवलं.

"मास्तर, तुम्ही मेलेल्यांची गाणी गोळा करता म्हणे. म्हणून माझ्याकडे येत नाही वाटतं? मी मरायची वाट बघताय?"

पौर्णिमेच्या व्रतासाठी पांढऱ्या साड्या नेसून आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी म्हणालो, "दोनदा आलो होतो, अत्तम्मा. दोन्ही वेळा तुम्ही कुत्रं सोडलंत."

"कुत्रं पेटीवर सोडलं होतं, तुमच्यावर नाही."

उक्कुमेणिका त्र्याऐंशी वर्षांची, साऱ्या गावाची अत्तम्मा, म्हणजे आजी. एके काळी कापणीच्या बायकांच्या रांगेत पहिली उभी राहून गाणं उचलायची ती हीच. यंत्रं आल्यापासून आमच्या शिवारात कुणी गायलेलं नाही. देशात ना डिझेल ना गॅस, म्हणून शाळा बंद, मुली घरी बसलेल्या, आणि २८ ऑगस्टला प्रांताची लोकगीत स्पर्धा. चौतीस वर्षं संगीत शिकवलं, पण प्रांतात पहिला क्रमांक मला कधी मिळाला नाही. इथं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो: मला तो हवा आहे.

२० जून

पेटी घरी ठेवून गेलो. अत्तम्मा ओसरीवर पान कुटत होती. गा म्हटल्यावर म्हणाली, "बसून? बसून गाणं येतं होय?" तरी गायली. आवाज फाटका, सूर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे कुठंतरी लागणारा. पण शब्द खणखणीत.

वाकली बाई लोंबी लोंबी, वाकलं सारं रान गं,
वाकल्याविण मिळत नाही मुठीत कुणा धान गं.

आणि थांबली. आमच्या ओवीला चार ओळी असतात, चारींचा शेवट एकच. मी पेन धरून बसलो. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, जणू पुढचं मलाच ठाऊक असावं. मग डोळे पाटापलीकडच्या शेताकडे गेले. वय झालं बिचारीचं.

२९ जून

सतरा ओव्या झाल्या. सतराही अर्ध्या. प्रत्येक वेळी दोन ओळी म्हणते, थांबते, पाटापलीकडे बघते. आज न राहवून विचारलं, "पुढचं आठवत नाही का हो?" तर फणकारली, "मला माझं सगळं आठवतं."

म्हाताऱ्या माणसाशी वाद कशाला? राहिलेल्या ओळी मीच पुऱ्या करायच्या ठरवल्या. छंदाचा माझा अभ्यास आहे. घरी बायकोला, यसवतीला, सांगितलं. ती फणस चिरत होती, हाताला खोबरेल चोपडलेलं.

"पुऱ्या कराल हो," ती म्हणाली, "पण घालाल कुणाच्या तोंडी?"

"मुलींच्या, आणखी कुणाच्या?"

तिनं सुरी जरा जोरात मारली. गॅस नसल्यापासून तिला चुलीपुढे तासन् तास जातात. चिडचिड होणारच.

६ जुलै

सहा मुली निवडल्या. पाच गोड गळ्याच्या. सहावी इमेशा, तिच्या आईनं गळ घातली म्हणून. घोगरा आवाज, आणि इतका मोठा की बाकीच्या पाच ऐकूच येत नाहीत. तिला मागे उभी केली आणि सांगितलं, नुसते ओठ हलव.

"मग मला घेतलंत कशाला, सर?"

"उंचीला बरी दिसतेस."

अत्तम्माकडे मुलींना घेऊन गेलो तर तिनं सगळ्यांत आधी तिचीच चौकशी केली. "ती घोगरी पोर कुणाची?" गरीब दिसली म्हणून दया आली असावी.

१३ जुलै, एसल पौर्णिमा

आजच्या दिवसाबद्दल लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.

विहाराच्या अंगणात मुलींनी पहिल्यांदा पुरी ओवी म्हटली. पहिल्या दोन ओळी अत्तम्माच्या, पुढच्या माझ्या:

हरित धरेच्या वैभवाचे करूया गुणगान गं,
श्रमदेवीच्या चरणी वाहू आनंदाचे दान गं.

अत्तम्मा आधी खदाखदा हसली. हसता हसता खोकला लागला. खोकला थांबला तेव्हा ती हसत नव्हती.

"हे उत्तर कुणी दिलं?"

"उत्तर कसलं? राहिलेल्या ओळी मी रचल्या."

ती काठी घेऊन उठली. "मास्तर, तिच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करायचं असतं, तर मी तीस वर्षं गप्प बसले असते का?" आणि चालू लागली. सगळ्या बायका खाली बघत होत्या. माझी बायकोसुद्धा.

१४ जुलै

सकाळी यसवतीला विचारलं, "'तिच्या जागी' म्हणजे कुणाच्या?"

तिनं नारळ खवायचं थांबवलं. "बिसोमेणिकेच्या. अहो, ती ओवी अर्धी नाही. दोन रांगा असायच्या, समोरासमोर. इकडून उक्कुअक्का दोन ओळी टाकायची, तिकडून बिसोअक्का दोन ओळींनी उत्तर द्यायची. एकीकडे एक अर्धं, दुसरीकडे दुसरं. एकीला दुसरीचं म्हणता येतच नाही, उष्टं खाल्ल्यासारखं होतं."

"तुला हे कसं माहीत?"

"मी बिसोअक्काच्या रांगेत चौथी होते. आठ सुगी. तुम्ही तेव्हा शाळेत असायचात."

एकेचाळीस वर्षं संसार केला या बाईशी. "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही दर वेळी सांगत होतात."

मग तिनं भांडणाची गोष्ट सांगितली. कापता कापता एकमेकींना टोमणे रचून मारायचे, ही रीतच. एका सुगीत उक्कुमेणिकेनं बिसोमेणिकेवर एक ओवी टाकली, तिला मूल नाही यावरून. रांगाच्या रांगा हसल्या. बिसोनं विळा खाली ठेवला, बांध चढली आणि निघून गेली. त्यानंतर ना ती गायली, ना उक्कु.

"आम्ही सगळ्या हसलो," यसवती म्हणाली. "मीही हसले. माझा धाकटा तेव्हा कडेवर होता."

मी वही उघडली. "ती ओवी सांग. नोंद तर हवीच."

"ती नाही लिहायची."

"अगं, पण जतन करायचं म्हणजे—"

"ती नाही," ती म्हणाली आणि खवणीवर वाकली.

दिवसभर विचार केला. वहीत एक पान कोरं सोडलं होतं, संध्याकाळी ते फाडून टाकलं.

१९ जुलै

बिसोमेणिकेकडे गेलो. एकोणऐंशी वर्षांची, एकटीच राहते, अंगण आरशासारखं. आदबीनं बसायला चटई दिली, गुळाचा खडा आणि कोरा चहा दिला. विषय काढल्यावर म्हणाली, "मला काही आठवत नाही, मास्तर," आणि उखळात नाचणी कांडायला लागली.

मी शहाणपणा करून फोनवर टिपून ठेवलेलं उक्कुमेणिकेचं गाणं लावलं. बिसोनं पाठ फिरवली. सतराही ओव्या वाजल्या, प्रत्येक दोन ओळींनंतर तसाच रिकामा वेळ. ती कांडत राहिली. तो रिकामा वेळ आला की मुसळ थोडं जोरात पडायचं, एवढंच. शेवटी म्हणाली, "नवव्या ओवीत श्वास चोरलाय तिनं. छातीत कफ आहे का तिच्या?"

"असेल."

"पोल्पालाच्या पानांचा काढा घ्यायला सांगा. मी सांगितलं म्हणू नका."

फेरी फुकट गेली.

२ ऑगस्ट

स्पर्धा रद्द. बसला डिझेल नाही, सभागृहाला वीज नाही. मुलींना सांगितलं. पाच जणी रडल्या. इमेशा म्हणाली, "बरं झालं. ओठ दुखायला लागले होते."

दोन दिवस मी पलंगावरून उठलो नाही. अडुसष्टाव्या वर्षी पहिला क्रमांक कुणाला हवा होता, हे यसवतीला न सांगताही कळलं असावं. तिनं पेज आणून ठेवली.

११ ऑगस्ट, निकिनी पौर्णिमा

धर्मदेशनेनंतर विहाराच्या भिक्खूंनी, आमच्या हामुदुरुवोंनी, सगळ्यांना बसवून घेतलं. कापणीचं यंत्र यायचं नाही. यंत्रवाला नऊ दिवस डिझेलसाठी पंपासमोर रांगेत आहे. भात पिकून पिवळंजर्द झालंय. खताविना आधीच विरळ आलंय, आणखी आठवडा उभं राहिलं तर दाणे चिखलात गळतील, उरलेलं हत्ती खातील. वर्षभराचं पोट त्या शेतात आहे.

"विळे आहेत ना?" हामुदुरुवो म्हणाले. "तुमच्या आज्यांनी कसं कापलं?"

तर सावड ठरली. सगळे मिळून एकेकाचं शेत कापायचं. पण कापलंय कुणी? चाळिशीच्या आतल्या एकाही बाईनं हातात विळा धरलेला नाही. कुणीतरी म्हणालं, दोन तासांत कंबरडं मोडेल.

मागून उक्कुमेणिकेचा आवाज आला, "गाणं नसेल तर अर्ध्या तासात मोडेल."

१७ ऑगस्ट

उद्या कापणी. अत्तम्माला म्हणालो, तुमच्यासाठी बांधावर खुर्ची आणि छत्री ठेवतो. ती म्हणाली, "खुर्चीवर तुम्ही बसा. मला रांगेत उभी करा."

भीती वाटते. त्र्याऐंशीचं वय, ऑगस्टचं ऊन. आणि उत्तराच्या ओळी माझ्याच.

१८ ऑगस्ट

सगळं नीट क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी सहाला शेतात सव्वीस बायका, अकरा पुरुष. उक्कुमेणिका पहिली. ती फार कापत नव्हती, मुठीपुरतं. पण तिनं गाणं उचललं तसे विळे एका वेळी वाकले आणि एका वेळी उठले. अंगावर काटा आला. मग समोरच्या रांगेतून मुलींनी माझ्या ओळी म्हटल्या, आणि सगळं विस्कटलं. कुणाचा विळा आधी, कुणाचा नंतर. मात्रा चोख होत्या. पण वाकलेल्या माणसाला श्वास घ्यायला त्यात जागाच नव्हती. तिसऱ्या ओवीला एकीचं बोट कापलं.

"थांबवा ते गुणगान!" उक्कुमेणिका ओरडली.

मी बांधावर वही घेऊन उभा होतो. यसवती आली, वही काढून घेतली आणि हातात विळा दिला. "वाका," म्हणाली. वाकलो. वीस मुठींत कळलं, माझ्या ओळी माणसानं खुर्चीवर बसून लिहिल्या आहेत.

दुपारी काम रेंगाळलं. बायका माना टाकू लागल्या. पाटापलीकडे, तिच्या पट्टीत, बिसोमेणिका एकटीच कापत होती. ती सावडीला आलेली नव्हती. उक्कुमेणिका सरळ झाली, तिकडे तोंड केलं आणि गायली. ही ओवी माझ्या सतरांत नव्हती.

जिभेला माझ्या होती बाई विळ्याहून धार गं,
हसता हसता केला मी सोबतिणीवर वार गं.

आणि थांबली. सदतीस माणसं थांबली. पाटाचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. पलीकडे बिसोमेणिका वाकलेलीच राहिली, उठली नाही, कापतही नव्हती. मग तिनं बांधलेल्या पेंढ्या डोक्यावर घेतल्या आणि घरी गेली.

उक्कुमेणिका म्हणाली, "चला, हात चालवा." त्यानंतर दिवसभर ती एक शब्द गायली नाही. अर्धं शेत उभंच राहिलं.

१९ ऑगस्ट

आम्ही पोचलो तेव्हा बिसोमेणिका शेतात उभी होती. समोरच्या रांगेची पहिली जागा. कासोटा घट्ट, विळा घासून लख्ख केलेला. कुणाकडे बघत नव्हती.

यसवती गेली आणि तिच्या पलीकडे चौथी उभी राहिली.

उक्कुमेणिका काठी टेकत आली. तिनं पाहिलं, काठी बांधावर टाकली. दोघींच्या मध्ये वीस हात पिकलेलं भात. गाणं कुणी उचलायचं? रीतीप्रमाणे उक्कुनं. पण ती नुसती समोर बघत उभी. तेव्हा बिसोमेणिका वाकली, पहिली मूठ धरली आणि कालच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. आवाज पातळ, पण वाऱ्यासारखा थेट.

तीस सुगी वाहिलास तू बोलाचा त्या भार गं,
हात चालव म्हातारे आता, ऊन झालं फार गं.

आधी कुणाला कळेना हसावं की रडावं. मग उक्कुमेणिका म्हणाली, "ऊन? अजून सूर्य माडावर नाही आला, थेरडे!" आणि सगळं शिवार हसलं. त्या हसण्यात बिसोमेणिकाही होती.

मग त्या दोघी जे गायल्या ते मी काय लिहू? इकडून दोन ओळी जायच्या, तिकडून दोन यायच्या. दोन ओळी ऐकताना आपण श्वास घ्यायचा आणि दोन ओळी गाताना कापायचं. रिकामी वाटायची ती जागा श्वासाची होती! लोंबीच्या ओवीचं खरं उत्तरही आज ऐकलं:

वाकलो आम्ही, उठू आम्ही, देवाचं हे दान गं,
उभं राहून बघणाऱ्याला इथं नाही मान गं.

म्हणताना बिसोमेणिकेनं माझ्याकडे बघितलं असं वाटलं. मी लगेच वाकलो.

दहाला उक्कुमेणिकेचा आवाज बसला. खोकत खाली बसली आणि बोट दाखवलं, "घोगरे, तू. पुढे ये."

इमेशा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "जा की. बघतेस काय?" ती पहिल्या जागी उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं. तो आवाज पाट ओलांडून विहारापर्यंत गेला असेल. उघड्या शिवारात गोड गळा चार पावलांवर विरून जातो. हे मला चौतीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. खरं तर परवापर्यंत मी कुणाला विचारलंही नाही.

दुपारी दोन वाजता शेत साफ.

२० ऑगस्ट

कंबर सरळ होत नाही. यसवतीनं तेल लावलं. "बिसोमेणिकेच्या घरी तू दर नव्या वर्षाला दूधभात पाठवतेस," मी म्हणालो, "मला वाटायचं, एकटी बाई म्हणून."

"दर वर्षी ती भांडं घासून परत पाठवायची," यसवती म्हणाली. "काल संध्याकाळी पुन्हा पाठवला, तर आज सकाळी भांडं आलंच नाही. मी गेले तर म्हणाली, राहू दे माझ्याकडे, तूच ये जेवायला."

२४ ऑगस्ट

सातव्या दिवशी शेवटचं शेत संपलं. ते बिसोमेणिकेचं होतं, आणि त्यात अठ्ठेचाळीस माणसं उतरली, कारण शेजारच्या वल्पोल गावच्या बायका आवाज ऐकून विळे घेऊन आल्या. पट्टी एवढीशी. अर्ध्या जणींना कापायला मूठभरही मिळालं नाही. त्या नुसत्या गायल्या.

दाणा गळला नाही. हत्तींना काही मिळालं नाही. खळ्यावर येऊन हामुदुरुवोंनी राशीतले मूठभर दाणे हातात घेऊन बघितले.

दोघी म्हाताऱ्या राशीला टेकून पान खात होत्या. मी विचारलं, "सगळ्या मिळून ओव्या किती?"

"सकाळच्या वेगळ्या, दुपारच्या वेगळ्या, खळ्याच्या वेगळ्या," उक्कु म्हणाली. "शंभर?"

"दीडशे," बिसो म्हणाली. "तू शंभर विसरलीस."

"तू मला शिकवू नकोस!"

"मग कोण शिकवणार? ही पोरं?"

भांडण तासभर चाललं. इमेशा मधे बसून दोघींचं खरं-खोटं करत होती. मी लिहीत होतो. आज एकशे बारा झाल्या, सगळ्या पुऱ्या.

३० ऑगस्ट

प्रांताच्या कार्यालयातून फोन. स्पर्धा नोव्हेंबरात घेणार, सात मिनिटं, व्यासपीठावर, वाद्यांच्या साथीनं. नाव देणार का?

मी म्हणालो, मुलींना विचारून सांगतो.

मुली म्हणाल्या, सात मिनिटांत एक वाफासुद्धा कापून होत नाही. परीक्षकांना विळे घेऊन इकडे पाठवा. तसं लिहून कळवलं, जरा सौम्य भाषेत. मला वाटलं होतं, वाईट वाटेल. नाही वाटलं. थोडंसं वाटलं.

५ सप्टेंबर

वल्पोलकरांची सावड फेडायला आज आम्ही त्यांच्या शिवारात. तिथं भात उशिरा येतं. ट्रॅक्टरला डिझेल नसल्यामुळे दोघी म्हाताऱ्यांना बैलगाडीतून नेलं. वल्पोलच्या चौदा मुली रांगेत नव्या आल्या, आमच्या सहा जणींच्या मधे मधे वाटून उभ्या केल्या. उक्कु आणि बिसो आज झाडाखाली बसल्या, गायल्या नाहीत. "आम्ही ऐकणार," म्हणाल्या. "चुकलात तर ओरडू."

कुणी चुकलं नाही. दुपारच्या भरात इमेशा एकदम थांबली, माझ्याकडे बघून हसली, आणि तिनं जी ओवी टाकली ती कुठल्याच म्हातारीची नव्हती.

मास्तर आले शेतामधी, अंगात भारी जोर गं,
एक पेंढी बांधताना तुटले चार दोर गं.

दोन्ही गावं माझ्याकडे वळली. समोरून उत्तर कोण देणार? नव्या ओवीला नवंच उत्तर लागतं, पाठ केलेलं चालत नाही. मी वाट बघितली. आणि समोरच्या रांगेतल्या चौथ्या जागेवरून, जरा कापऱ्या, पण अगदी नेमक्या सुरात उत्तर आलं:

चौतीस वर्षं शाळेमधी होते शिरजोर गं,
आता त्यांना शिकवते बघ घोगऱ्या गळ्याची पोर गं.

शिवार फुटेस्तोवर हसलं. झाडाखाली दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. मीही हसलो, कंबर धरून. एकेचाळीस वर्षांत मी यसवतीला एकटीनं गाताना पहिल्यांदा ऐकलं.

कापताना लिहिता आलं नाही. घरी आल्यावर तिच्याकडून दोनदा म्हणून घेतली. ती लाजत होती, तरी म्हटली. वहीत आत्ता उतरवली. ओवी एकशे सदतिसावी. पहिल्या दोन ओळी: इमेशा, वय पंधरा, मीगहवेला. उत्तर: यसवती, वय त्रेसष्ट, मीगहवेला. केव्हाची: आजची.